अख्खा पाय

११ फेब्रुवारी, मुंबई

उद्या सकाळी आभाचा डावा पाय काढणार. गुडघ्याच्या वरून. लिहिलं आणि हात थांबला. सोळा वर्षांची पोर! हाडाचा कॅन्सर, तोही लाखांत एखाद्याला होणारा — त्याला आमचंच घर सापडलं?

संध्याकाळी संशोधन विभागातली एक बाई आली. गोड बोलणारी. "गुरुजी, गाठीचा एक ताजा तुकडा आम्ही गोठवून ठेवू. हा आजार इतका कमी मुलांना होतो की अभ्यासाला तुकडेच मिळत नाहीत. आईवडिलांपैकी एकाची संमती पुरते." मी म्हटलं, पाय अख्खा परत पाहिजे. जन्मभर रामकुंडावर लोकांच्या अस्थी सोडतोय मी, आणि माझ्या पोरीचा पाय अर्धा इथे फ्रीजमध्ये? जमणार नाही! सरोजिनी शेजारीच पदराचं टोक चोळत बसली होती. काही बोलली नाही. म्हणजे तिचंही तेच.

संध्येची वेळ टळत होती, म्हणून मी खाली निघून आलो. त्या बाईशी वाद कोण घालणार!

१२ फेब्रुवारी

झालं. शुद्धीवर आल्यावर तिनं आधी पांघरूण चाचपलं.

१४ फेब्रुवारी, नाशिक

पाय मिळाला. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, पेटीत. धाकटा भाऊ देवव्रत गाडी घेऊन आला होता. अमरधामला दहन केलं. अस्थी उद्या रामकुंडात. इथल्या पाण्यात हाड विरघळतं, असं मी हजारो यजमानांना सांगितलंय. आज तेच स्वतःला सांगितलं.

सरोजिनी आभाजवळ मुंबईतच आहे. तिला फोनवर म्हटलं, सगळं यथासांग झालं, अख्खा पाय अग्नीला दिला. "बरं," म्हणाली. एवढंच. बाई थकलीय.

४ मार्च

आभा घरी आली. कुबड्यांवर. मला म्हणते, "बाबा, माझा पाय पुढे गेलाय ना, आता वर जागा धरून ठेवेल." असं बोलतं का कोणी! सरोजिनीनं पाठ फिरवली. मी हसलो, आणि मग मोरीत नळ सोडून रडलो.

३० ऑगस्ट

सगळी केमो होऊनही हा खोकला! आज छातीचं स्कॅन केलं. देवा, साधा खोकला असू दे रे.

४ सप्टेंबर

रिपोर्ट आणायला एकटाच गेलो. दोन्ही फुप्फुसांत दाणे. त्याच आजाराचे.

इथल्या डॉक्टर हर्षाली वयानं लहान, पण नीट समजावतात. म्हणाल्या, मुंबईत एक अभ्यास चालू आहे. गाठीच्या पेशींत नेमका कुठला बिघाड आहे ते बघून त्यावरची गोळी देतात. सगळ्यांना लागू पडत नाही, पण काही मुलांची वाढ थांबलीय. मी खुर्चीत सरसावून बसलो. "फक्त तपासायला गाठीचा गोठवलेला तुकडा लागतो. सुरुवातीला तपासायला काढला होता तो चालत नाही. हाड मऊ करायला आम्लात ठेवतात ना, त्यात सगळं बिघडतं. आणि हे दाणे इतके बारीक आहेत की तिथे सुई घालता येणार नाही. ऑपरेशनच्या वेळी दिला असेल ना?"

नाही म्हटलं.

"नक्की? मी मुंबईला फोन करून विचारते."

"विचारायचं काय त्यात? मीच नाही म्हणालोय. बाप आहे मी तिचा!" केवढ्यानं ओरडलो. त्या मुलीचा काय दोष?

"ठीक आहे गुरुजी. पण घरी ताईंशी एकदा बोला. थोड्या जागा उरल्यात अजून."

कुठल्या तोंडानं बोलू? घरी सांगितलं, दाणे आहेत, औषध बदलतील. अभ्यासाचं नाव काढलं नाही.

५ सप्टेंबर

पाण्यात सोडलं. मी. माझ्या हातानं.

९ सप्टेंबर

पितृपक्ष. घाटावर श्वास घ्यायला उसंत नाही. एकलहऱ्याहून एकजण वडिलांच्या अस्थी घेऊन आला होता, वीज केंद्रात कामाला. सरळ माणूस. विचारतो, "गुरुजी, हाडं खरंच विरघळतात का हो?" मी नेहमीसारखं हो म्हटलं, आणि पुढचा मंत्रच आठवेना! असं कधीच झालं नव्हतं. तो बिचारा ओंजळ धरून उभा. शेवटी शेजारच्या पाटावरच्या गुरुजींनी सांगितला.

१४ सप्टेंबर

आभाला दोन वाक्यं सलग बोलवत नाहीत. तरी आज विचारलंन, "बाबा, खरं सांगा, अजून कुठलं औषध नाहीये का?"

"असतं तर दिलं नसतं का!" असं मी म्हणालो. तोंड वर करून म्हणालो. खोटारडा मेला!

१८ सप्टेंबर

सरोजिनीनं आज पुन्हा तेच काढलं. "मुंबईला परत दाखवू या ना. तिथे काहीतरी नवीन असेल." अंगावर वीज पडल्यासारखं झालं. हिला कळलं की काय? "मुंबई मुंबई करू नकोस! तिथे पाय घेतला, अजून काय द्यायचंय?" असं खेकसलो. ती आत गेली. रात्री ताट वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

रोज ठरवतो, आज सांगू. रोज घाटावरून येताना धीर सुटतो. तिनं विचारलं, "का दिला नाहीत तुकडा?" तर काय सांगू — अख्खा पाय हवा होता म्हणून? त्या पायाचं करायचं काय होतं मला?

२२ सप्टेंबर

घट बसले. आरती आटोपतेय तोच डॉक्टर हर्षालींचा फोन. त्या अभ्यासातल्या जागा भरल्या, नवीन पेशंट घेणं बंद. "कळवावंसं वाटलं, गुरुजी."

आणि मला — देवासमोर लिहितोय — सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे आता माझ्यामुळे नाही, जागा नव्हती म्हणून. वा, यज्ञेश्वर, वा! बाप शोभतोस!

उद्या सरोजिनीला सगळं सांगून टाकतो. ओझं तरी उतरेल.

२३ सप्टेंबर

सांगितलं. ती भाजी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं तिनं. मग हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाली, "तुम्ही संध्येला खाली गेलात, तेव्हा मी सही केली. तुकडा आहे तिथे. तुमच्या मनाला लागेल म्हणून बोलले नाही."

मी तिथेच फरशीवर बसलो.

ती म्हणाली, "मला एकदा विचारायचं तरी होतंत!"