आखणी झालेला गणपती

बाबा, डिस्क आत सरकली तेव्हा आई उठली आणि देव्हाऱ्यातला गणपती तिनं रुमालानं झाकला. "लाव गो आता," म्हणाली. मी रोह्याहून पेणला फक्त एवढ्यासाठी आले होते. तो जपानी सिनेमा आता डिस्कवर निघाला आहे, स्वच्छ, खाली इंग्रजी ओळींसह.

माझ्या लहानपणी त्याची कॅसेट होती. तुम्ही ती रोह्याच्या व्हिडिओवाल्याकडून आणली, मारामारीची समजून. सुट्टीची दुपार. आपल्या गणपतींच्या कारखान्यात टीव्ही लावला आहे, कामगार आणि शेजारच्या बायका मूर्तींच्या मधे जागा मिळेल तिथे बसल्या आहेत. मूर्तींना अजून डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी तुम्हीच करायचात, सगळ्यात शेवटी. एकदा ती झाली की त्या मूर्तीसमोर विडीसुद्धा ओढायची नाही, तिच्यावर कागद घालायचा. सिनेमात पांढरा मुखवटा घातलेला माणूस विळा घेऊन बर्फातून मुलींच्या वसतिगृहात शिरतो. भाषा कुणालाच कळत नाही. तुम्ही उभे राहून एकेकीचा आवाज काढून सांगताय, "ही म्हणते, माझा बापूस पोलिसात हाय!" मागून एक बाई ओरडते, "मग बापसाला बोलाव ना, आमाला काय सांगतंस!" सगळे हसतात. पुढे कुणी हसत नाही. शेवटी एकच मुलगी उरते, विळा वर जातो आणि कॅसेट खराब निघते. पडद्यावर नुसत्या पट्ट्या.

दिवा लावल्यावर आईला दिसलं. टीव्हीसमोरच्या फळीवर एक गणपती डोळे उघडून बसला होता. सकाळी गिऱ्हाइकाला नमुना म्हणून तुम्ही त्याची आखणी केली होती, आणि कागद घालायचा राहून गेला होता.

"अवो, त्यानं बघितलं," आई म्हणाली. "पोरीला मारताना बघितलं."

"मारली कुठं? वाचली ती. मी पुढचं बघितलंय, रोह्याला."

वर्षभरात तुमचा हात कापू लागला. मग कुंचला सुटला, मग तुम्ही अंथरूण धरलंत. तुमच्या उशाशी आईनं एकदाच विचारलं, "ती पोर खरंच वाचली ना?" तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "व्हय." तुम्ही गेल्यावर त्या एका शब्दावर ती इतकी वर्षं राहिली आहे. पोर वाचली असेल तर देवानं काही पाहिलं नाही, आणि तुमचा आजार हा नुसता आजार.

डिस्कवर पट्ट्या नाहीत. विळा वर जातो, मग फक्त बर्फ दिसतं, आणि त्या मुलीचा आवाज येतो. खाली ओळ उमटते: मी इथेच आहे, बर्फाखाली, आईला सांगा.

"बोलतेय ती," आई पुढे सरकली. "काय म्हणते?"

मला तुमच्यासारखे आवाज काढता येत नाहीत. मी साध्या आवाजात सांगितलं, "म्हणते, घरी चालले."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं."

तुम्ही पुढचं खरंच पाहिलं होतं का, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. आजही वाटत नाही. तुम्हाला लिहिलेला हा कागद डिस्कच्या डबीत घडी करून ठेवते आहे.

आज सकाळी मी उठले तेव्हा आईची पूजा झाली होती. रुमाल काढलेला नव्हता. जास्वंद तिनं रुमालावरच वाहिली होती.