शेंडे चर्चच्या दिशेने

२ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची! समुद्रकाठ सोडून या दरीत पालिकेच्या रस्ते विभागात चाललेय म्हटल्यावर आईने कपाळाला हात लावला होता. पण घर टुमदार आहे, लाल रंगाचं, खाली नदी. सामान उतरवते न उतरवते तोच वरच्या शेतावरचे तार्येई ट्रॅक्टरभर लाकडं घेऊन हजर. न बोलता सगळी भिंतीला लावून रचून दिली, साली वर, तोंडं एका रेषेत. कॉफी तरी घ्या म्हटलं, तर म्हणाले, कॉफी राहू दे पोरी, आधी चूल पेटव, गारठशील. बायकोने, गुन्वोरबाईंनी, तपकिरी चीजचा ठोकळा पाठवला होता. बोलायला कंजूष माणसं, पण मनाने मोठी.

९ नोव्हेंबर
रुळले. बर्फ सारायची गाडी चालवणारा हाल्वोर माझ्या हाताखाली आहे आणि माझी यथेच्छ थट्टा करतो. तुम्ही समुद्रावरची माणसं, होडीनेच ऑफिसला जात असाल, तुम्हाला रस्ता म्हणजे काय ते काय कळणार? मी म्हटलं, बघच तू, रस्ते आरशासारखे ठेवते की नाही.
ऊन आता दरीत उतरत नाही, समोरच्या कड्याच्या माथ्यावरूनच माघारी जातं. आणखी एक कळलं. इथे तोंडावर कुणी कुणाला बोलत नाही. गाडी मी आडवी लावली होती, तर हाल्वोर म्हणाला, कुणीतरी गाडी आडवी लावलीय. आणि माझ्याकडे न बघता कॉफी ढवळत राहिला.

१६ नोव्हेंबर
शनिवार-रविवार आईकडे जाऊन काल उशिरा परतले. आज सकाळी बघते तर रस्ताभर स्प्रूस झाडाच्या हिरव्या डहाळ्या! कुणाच्या ट्रेलरमधून सांडल्या असणार. तेही रस्ते विभागाच्या बाईच्या दारासमोर! हाल्वोरला आयतं कोलीत मिळालं असतं. खराटा घेतला आणि वरच्या वळणापासून पुलापर्यंत झाडून काढलं. डहाळ्या चुलीत घातल्या. घरभर काय सुंदर वास सुटलाय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
दुपारी काळी गाडी अगदी हळू उतरली. मागून चालत माणसं, काळ्या कोटातली. तार्येई गेले. मला पत्ताच नव्हता. हाल्वोरला फोन केला तेव्हा त्याने सांगितलं, मयताच्या घरापासून चर्चपर्यंत डहाळ्या पसरतात, सगळ्यांचे शेंडे चर्चच्या दिशेने. गेलेल्याने वाट चुकू नये म्हणून.
मी पडद्यामागे उभी होते. माझ्या धुराड्यातून धूर निघत होता. गुन्वोरबाईंनी चालता चालता एकदाच वर बघितलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

१८ नोव्हेंबर
फुलं घेऊन गेले. वाटेत वाक्य घोकलं होतं : चूक माझी. गुन्वोरबाईंनी वाफल वाढला आणि म्हणाल्या, कुणीतरी डहाळ्या उचलल्या म्हणे गं. तुला काही दिसलं का? मी म्हटलं, वारा असेल.
त्या दिवशी पानही हललं नव्हतं. त्या म्हणाल्या, हो, वाराच असेल, आणि माझ्या वाफलवर आणखी जॅम घातला. त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर परवडलं असतं.

२५ नोव्हेंबर
फाटकात एक डहाळी. शेंडा माझ्या घराकडे. कुणाची तरी खोडी. जाळली नाही. नदीत टाकली.

२८ नोव्हेंबर
आज पायरीवर.
आणि लाकडं. महिनाभर जाळतेय, निम्मी तरी संपायला हवी होती. भिंतीला रास पूर्ण आहे. साली वर, तोंडं एका रेषेत. इतकं सरळ दुसरं कुणी रचत नाही.

२ डिसेंबर
घरात. दाराला आतून कडी होती. शेंडा चुलीकडे.
सांगून टाकायचं ठरवून कचेरीत गेले. म्हटलं, हाल्वोर, एक सांगायचंय. त्याने कप खाली ठेवला. सगळ्यांनी कपातून माना वर केल्या. ते वाट बघत होते, सगळेच, मला मनापासून माफ करायला तयार होते. आणि मी म्हटलं, रस्त्यावरच्या बर्फावर टाकायचं मीठ संपत आलंय.
सगळ्यांनी पुन्हा कपात बघितलं.

५ डिसेंबर
गुन्वोरबाईंचा फोन. म्हणाल्या, ह्यांना वाट सापडली नाही गं. दूध काढायच्या वेळेला गाई अजून माना वळवतात, खाली, तुझ्या घराकडे. कुणीतरी नुसतं, हो, मी केलं, असं म्हणालं असतं ना, तर दोघींनी मिळून पुन्हा पसरल्या असत्या डहाळ्या.
हो म्हणायचं होतं, एवढंच.
म्हटलं, चीज फार छान होतं.
त्यांनी फोन ठेवला. लाज वाटते. भीतीपेक्षा लाज जास्त वाटते.

९ डिसेंबर
रास आता आत. स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत. ते अजून माझ्यासाठीच रचतायत — रागावत का नाहीत — मी त्यांची वाट जाळली आणि ते —

१० डिसेंबर
डहाळ्या बिछान्यापासून. खोलीभर, जिन्यावर, अंगणात.
शेंडे फिरलेत. माझ्याकडे नाहीत आता. दाराकडे. फाटकाकडे. पुढे पूल, आणि —

११ डिसेंबर
अंगणात माणसं. काळे कोट. हाल्वोरची टोपी हातात. पुढे गुन्वोरबाई. दार कुणी वाजवत नाही. नुसते उभे.
अजून सांगता येईल. दार उघडायचं, म्हणायचं, मी झाडलं, मी जाळलं — गुन्वोरबाई, मी —
पण माझा हा अवतार. केस असे. एवढी माणसं दारात आणि घरात कॉफीसुद्धा नाही, काय म्हणतील —
चुलीपाशी कुणीतरी ओणवं झालंय. लाकूड ठेवलं. साल वर. माझ्याकडे न बघता म्हणतायत, कॉफी राहू दे पोरी, आधी