पंचवटी शाखा वाचवण्याची मोहीम

१ जुलै २०२५, मंगळवार
बँकेच्या दारावर कागद. आमची पंचवटी शाखा अंबडच्या शाखेत विलीन करण्याचा 'विचार चालू आहे'. वीस वर्षं दर मंगळवारी मी आणि शेजारच्या सिंधुबाई रिक्षाने इथे येतो. पासबुक भरून घेतो, पंख्याखालच्या बाकावर तासभर बसतो. एरवी सिंधुबाईंची सून त्यांना घराबाहेर सोडत नाही. बँकेचं काम म्हटलं की तिला बोलता येत नाही.
शाखा बंद होऊ देणार नाही. काउंटरवरची सविता म्हणाली, मॅडम, इथे ओरडून काय उपयोग, वरचे लोक फक्त फेसबुक बघतात. ठीक. फेसबुकवर गाठते.

३ जुलै
बँकेचं पेज फॉलो केलं. तक्रारीसाठी त्यांचं ॲपही घ्यावं लागलं. पहिली कमेंट सतरा ओळींची, परिच्छेद पाडून, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं तशी. चार मिनिटांत उत्तर: 'हाय डिअर! तुमचा फीडबॅक मोलाचा आहे.' पुढे लाल बदाम. एकाहत्तर वर्षांच्या बाईला डिअर! पण चार मिनिटांत. घाबरलेत.

८ जुलै, मंगळवार
बाकावर सिंधुबाईंना मोहीम समजावली. त्या म्हणाल्या, अहो, त्यांना राग आला तर? म्हटलं, यायलाच हवा. त्यांनी डब्यातला चिवडा पुढे केला.

११ जुलै
रोज पाच कमेंट. त्यांच्या मराठीच्या चुकाही काढते. माझ्या नावापुढे 'टॉप फॅन' असं झळकतंय. लाच. मी बधणार नाही.

१६ जुलै
हेड ऑफिसने माणूस पाठवला! तेजस्विनी नावाची मुलगी. मोबाइल स्टँडवर लावून म्हणाली, मॅम, मोकळेपणाने बोला, वरपर्यंत पोचवते. अकरा मिनिटं बोलले. शेवटी उपरोधाने सुनावलं, म्हणजे तुमच्या मते घरबसल्या सगळं होतं, शाखेत जायची गरजच काय! ती टाळी वाजवून म्हणाली, मॅम, हेच हवं होतं. चूक कबूल करणारी मुलं मला आवडतात.

२१ जुलै
रील आलं. नऊ सेकंदांचं. 'घरबसल्या सगळं होतं, शाखेत जायची गरजच काय!' एवढंच. मागे ढोलकी. बाकीचं दुसऱ्या भागात असेल. चाळीस हजार लोकांनी पाहिलं. मी बरी दिसते. सविताला फोन केला. पाहिलं मॅडम, म्हणाली. आणि ठेवला.

२९ जुलै, मंगळवार
सिंधुबाई निघाल्या नाहीत. कणकण असेल म्हणून एकटीच गेले. दारावर नवा कागद. ज्येष्ठ ग्राहकांनीही डिजिटल सेवा स्वीकारल्यामुळे शाखा शुक्रवारपासून बंद. वर माझा फोटो, रंगीत.
परतताना सिंधुबाईंकडे गेले. सून दारातच म्हणाली, काकू, बरं झालं तुम्ही सांगितलंत, आईंच्या फोनवर ॲप टाकलंय, आता ही दगदग नको. आतून सिंधुबाई म्हणाल्या, मला खरं वाटेना हो. पण तुम्हीच म्हणताय म्हटल्यावर असेल बरोबर.
मी हो म्हटलं.

५ ऑगस्ट, मंगळवार, सकाळी अकरा
साडी नेसून बसले होते. गाऊन घातला.