ब्रेल प्रिंटरचा ड्रायव्हर कोणाकडे

मी, शेवटी सही करणारी, वय सत्तेचाळीस, व्यवसाय प्रोग्रॅमिंग, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने करत आहे. कोणी भरीस घातलेलं नाही. उलट घरातल्या सगळ्यांनी नको नको केलं. उद्या माझ्या मेंदूजवळची गाठ काढणार आहेत. आजच्या घडीला माझं डोकं ठिकाणावर आहे, असं डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. उजव्या हाताला मुंग्या येतात, म्हणून मजकूर मी सांगते आहे आणि माझ्या थोरल्या नणंदबाई, आमच्या वन्सं, टाइप करत आहेत. त्यांनी निवृत्त होईपर्यंत टायपिंगचा क्लास चालवला, त्यामुळे शुद्धलेखनाची जबाबदारी त्यांची.

कलम पहिले. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा माझ्या पतीला. लग्न होऊन महिना झाला नव्हता तेव्हा मी त्यांचा नवाकोरा कॉम्प्युटर उघडून जेवणाच्या टेबलावर पसरला होता. ते कामावरून आले, पाहिलं, आणि ताट घेऊन खाली जमिनीवर बसले. एवढंच म्हणाले, "जोडताना मला हाक मार, मलाही बघायचंय." असा माणूस मिळायला नशीब लागतं. मला लागलं.

कलम दुसरे. बँकेतली सगळी शिल्लक मुलीला. अट कोणतीही नाही. तिने आयुष्यात एकदाही टर्मिनलची, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम टाइप करायची, काळी खिडकी उघडली नाही तरी चालेल. तिला झाडं कळतात, मला कळत नाहीत. माझ्या खिडकीतलं प्रत्येक रोप तिच्यामुळे जिवंत आहे.

कलम तिसरे. सोल्डरिंग गन, मल्टिमीटर आणि केबलींचा डबा अंध शाळेच्या वायरमनला. नेलेली वस्तू पुसून परत आणणारा एवढा एकच माणूस मला माहीत आहे. थोरल्या दिरांनी उसना नेलेला पान्यांचा संच आजपासून त्यांचाच समजावा. तसाही तो परत यायची लक्षणं नव्हती.

"हे नको लिहायला," वन्सं म्हणाल्या.

"लिहा."

"माझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच तुमच्याकडून टाइप करून घेतेय."

कलम चौथे. लिनक्सचा कर्नल, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टीमचा गाभा, ईमेलच्या ज्या मेलिंग लिस्टवर घडतो तिथे एक गृहस्थ आहेत. आम्ही कधी भेटलो नाही. घरात त्यांचं नाव 'नकोबा'. मी पाठवलेली पहिली दुरुस्ती त्यांनी एका ओळीत परत केली: घेतलेली मेमरी तुम्ही परत देतच नाही. मी आठवडाभर त्यांचा उद्धार केला, मग शांतपणे कोड वाचला. माणूस खरं बोलत होता. त्यांना माझे आभार कळवावेत. त्यांनी मला गोड बोलून सोडून दिलं असतं, तर मी अर्धीकच्चीच राहिले असते.

कलम पाचवे. आता मुख्य गोष्ट. अंध शाळेत मुलांचे धडे छापणारा एक जुना ब्रेल प्रिंटर आहे. तो बनवणारी कंपनी बंद पडली. कॉम्प्युटर आणि तो प्रिंटर यांच्यात बोलणं घडवून आणणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिला. कर्नल बदलला की आतले नियम बदलतात आणि ड्रायव्हर अडतो. मग तो दुरुस्त करावा लागतो. हे काम आजवर माझं.

एकदा छापताना मधूनच एखादं अक्षर गळायला लागलं. प्रिंटर घरी आणला. कोड वाचून वाचून मी डोळे फोडून घेतले. शेवटी वन्सं स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अगं, कागद सरकायच्या आधी त्याचा एक ठोका चुकतोय!" प्रिंटर 'थांब' म्हणत होता आणि माझा ड्रायव्हर ते न ऐकता एक अक्षर पुढे ढकलत होता. त्या दिवसापासून वन्सं खुर्ची ओढून माझ्याजवळ बसू लागल्या. हात चालेनासा झाल्यावर मी बोलू लागले, त्या लिहू लागल्या. गेल्या खेपेची दुरुस्ती तर त्यांनी एकटीने केली. मी गोळी घेऊन झोपले होते.

म्हणून विचारलं, "वन्सं, ड्रायव्हर तुम्ही सांभाळाल?"

"नाही."

"जमतं की तुम्हाला."

"जमतं म्हणूनच नाही म्हणतेय. मी हो म्हटलं की तू निर्धास्त होशील. निर्धास्त माणसं ऑपरेशनच्या टेबलावरून उठायची घाई करत नाहीत." शिवाय, या कागदातून आपल्याला चमचाही नको, असं त्यांनी बजावलं आहे.

तेव्हा ड्रायव्हर मी कोणालाच देत नाही. शाळेच्या कॉम्प्युटरवर अपडेट बंद ठेवावेत. आहे ते चालेल तितके दिवस चालेल. पुढे प्रिंटर गप्प झाला तर कोणी कोणाला बोल लावू नये. माझ्या हातून निघालेल्या कामावरून इतक्या मुलांची बोटं फिरली, मी भरून पावले.

पुरवणी, मी सांगितलेली, वकीलबाईंच्या हस्ताक्षरात. वरचा मजकूर छापून सगळे सह्यांना बसले, तेव्हा वकीलबाईंनी विचारलं, "साक्षीदारांना यातून काही मिळत नाही ना? ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये."

साक्षीला आलेले खालचे औषधवाले म्हणाले, "मला तर अजून पाणीसुद्धा मिळालेलं नाही."

सगळे हसले. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी पेन उघडलं. मग साक्षीदारांतल्या स्वतःच्या नावावर त्यांनी सरळ आडवी रेघ मारली.

"अहो, हे काय?" वकीलबाई म्हणाल्या.

"माझी साक्ष चालणार नाही. पाचव्या कलमात माझं नाव घाला." मग माझ्याकडे वळून, "आणि तू निर्धास्त होऊ नकोस हं. प्रिंटर मध्येच हाक मारतो, ते इंटरप्टचं प्रकरण अजून अर्धंच शिकवलंयस."

सबब, पाचव्या कलमातला शेवटचा परिच्छेद रद्द. ड्रायव्हर वन्संना. शाळेचे अपडेट चालू ठेवावेत.

मृत्युपत्र करणारीची सही (डाव्या हाताने)

साक्षीदार एक: खालचे औषधवाले
साक्षीदार दोन: वन्सं (नाव खोडले), त्यांच्या जागी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, हाक मारून बोलावल्या

स्थळ: आमचं जेवणाचं टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची दुपार