उजवी कुबडी

बूढ़ापारा, रायपूर

प्रिय यशदीप,

काल फोनवर तू विचारलंस, "दादा, कसा खेळलो?" तेवढ्यात आईनं फोन ओढून घेतला आणि माझं उत्तर राहून गेलं. फोन केला की आई शेजारी असतेच, म्हणून लिहितो आहे. दिल्लीच्या कॅम्पवर उतरशील तेव्हा हे पत्र तुझ्या हातात पडेल.

घरी सगळे मजेत. बाबासाहेबांच्या फोटोखाली माझी जिल्ह्याची शील्ड असायची, आठवते ना? आता तिथे इंडियाच्या जर्सीतला तू आहेस. शील्ड फ्रिजवर गेली आणि तिच्यावर आई मिरच्यांचा डबा ठेवते. बाबा तर तुझ्या मॅचपासून रेल्वेतल्या जुन्या मित्रांना घरी बोलावून तुझेच व्हिडिओ दाखवतात. परवा आपली अनुश्री मला विचारते, "पापा, चाचू तो इंडिया खेलते हैं, आप क्या खेलते थे?" तुझी मोनाली वहिनी हसली. मीही हसलो, पण जेवण काही गोड लागलं नाही.

जळतो मी तुझ्यावर, यश. पायानं अधू झालेल्या धाकट्या भावावर धडधाकट थोरला जळतो, हे कुणाला सांगायची सोय आहे का? शाळेपासून फुटबॉल माझा होता. तू कॅरमवाला, उन्हात बाहेर पडायलाही कुरकुरायचास. नोकरी लागल्यावर माझा खेळ सुटला. नवा रायपूरच्या रस्त्यावर डंपरनं तुझा डावा पाय नेला, आणि मग तुला कुबड्यांवरचा, एका पायाचा हा फुटबॉल सापडला. दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून मी रडलो होतो, ते रडणं खरं होतं. हे जळणंही खरं आहे.

गेल्या महिन्यात तुझ्या जुन्या कुबड्या पलंगाखालून काढल्या आणि रेल्वेच्या मैदानावर गेलो. डावा पाय मागे दुमडून गमछ्यानं बांधला. म्हटलं, यात असं काय मोठं आहे, बघू तरी. बॉल आला तसा कुबड्या टेकून पाय झोकला आणि तोंडावर आपटलो. दुसऱ्यांदा बॉल कुबडीला लागला, तुमच्यात तो हँडबॉल धरतात. मनगटं अशी भरून आली की घास तोंडात घालवेना. तिथले खेळणारे पोट्टे म्हणाले, "भैया, दोनों पैर से खेलो ना." त्या दिवसापासून तुझ्यावर आणखीच जळतो, कारण तू पुढे आलास तो दयेवर आलेला नाहीस, हे मला तिथे मातीत पडल्या पडल्या कळलं.

आता तुझ्या पेनल्टीबद्दल. तू ती घालवलीस आणि तुमची टीम घरी निघाली, तेव्हा इथे सगळ्यांचे डोळे भरून आले. आई म्हणाली, "एका पायावर एवढा खेळून राहिला माहा लेक, तेच लय झालं." बाबा म्हणाले, हव, तेच खूप आहे. शेजारीही तेच बोलले. मी एकटा चिडून उठून बाहेर गेलो, तर मोनालीला वाटलं मी मनातून खूश आहे.

मी खूश नव्हतो. तू खराब मारलीस, यश. ती पेनल्टी गोलमध्ये जायलाच हवी होती. मी तो व्हिडिओ परत परत बघितलाय, जळणाऱ्या माणसाइतकं बारकाईनं कोण बघतं? मारायच्या आधी तुझी उजवी कुबडी, तू ज्या कोपऱ्यात मारणार, त्याच कोपऱ्याकडे वळते. त्यांच्या गोलकीपरनं ती बघितली आणि आधीच तिकडे झेपावला. तुला "लय झालं" म्हणणारे घरात पुष्कळ आहेत, म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी लिहून पाठवतो आहे. घरी आलास की बॅग ठेव आणि सरळ मैदानावर ये. तुमच्या खेळात गोलकीपर एका हाताचा असतो, तसा एक हात शर्टाच्या आत बांधून मी गोलमध्ये उभा राहीन. कुबडी वळली की अडवीन, आणि दया करणार नाही.

तुझ्यावर जळणारा, तुझाच,
संघदीप दादा