पर्याय वापरला

३ तारीख, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! ऑफिसात सात कंप्युटर आणि सातांच्या सात तऱ्हा. एकावर असलेली कमांड दुसऱ्यावर नसते. मी शेलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, अशी छोटी फंक्शनं लिहायची, की हवी ती कमांड नसेल तर तिच्या जागी दुसरी वापरून काम निभावतील. निघताना ताईने डाव्या हाताने डबा माझ्या पिशवीत कोंबला आणि बजावलं, बाळ्या, पहिल्याच दिवशी शहाणपणा पाजळू नकोस. आईबाबांच्या मागे तिनेच मला वाढवलं, म्हणून ऐकून घेतलं.

६ तारीख, गुरुवार
सातही ठिकाणी चाललं! फक्त दर वेळी पडद्यावर ‘सापडली नाही, पर्याय वापरला’ असं उमटायचं. मॅडम म्हणाल्या, ही कटकट कशाला, काम झाल्याशी मतलब. मी एका ओळीत त्या सूचनेचं तोंड बंद केलं.

११ तारीख, मंगळवार
ऑफिसच्या फाटकावर रोज पहारा देणाऱ्या मिशीवाल्या काकांच्या जागी आज वेगळाच माणूस. मिशी नाही, तरी सगळे त्याला मिशीवाले काकाच म्हणतात. माझी फिरकी घेताहेत असं वाटलं. पण त्याने ताईच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि ते दुखणं मी फक्त काकांना सांगितलं होतं.

१३ तारीख, गुरुवार
कशाकशाला पर्याय शोधायचा त्या फंक्शनमधल्या यादीत, कमांडच्या नावांखाली ‘मिशीवाले काका’ लिहिलंय. त्याखाली ‘ताई’. मी लिहिलेलं नाही. दोन्ही खोडलं, जेवून आलो तर पुन्हा हजर. सातही कंप्युटरवर यादीच्या प्रती आहेत. एक पुसली की दुसरीवरून परत येते. कुठेही चाललं पाहिजे, हा माझाच हट्ट होता.

१४ तारीख
दुपारीच घरी पळालो. दार उघडलं ती ताई नव्हती. अंगावर ताईचा स्वेटर. वाढते उजव्या हाताने. म्हणाली, बाळ्या, किती रोडावलास रे. शेजारच्या मावशी हसल्या, सख्ख्या बहिणीला ओळखत नाहीस होय? मला रडू आवरेना.

१७
सूचनेचं तोंड पुन्हा उघडलं. ‘ताई — सापडली नाही, पर्याय वापरला.’
कुठे गेली, ते सांगत नाही. परत कसं आणायचं, ते मी लिहिलंच नव्हतं. कुणाचं काही अडत नाही. फक्त माझं—

१८
माझ्या खुर्चीत कुणीतरी. माझाच शर्ट. मॅडम त्याच्याशी बोलताहेत— मी समोर उभा आहे— फोनवरून घरातली ती बाई त्याला बाळ्या म्हणतेय—
पडद्यावर नवी ओळ उमटतेय. माझ्या नावाची.
न सापडलेले सगळे एकाच ठिकाणी जात असतील, तर निदान ताई—