नाही आली तरी चालन

माय, मी आता मस्कतला राहते. तू गेलीस तेव्हा मी यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होते, लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं नेरला राहत होतो, एवढंच तुला माहीत. त्यानंतरचं काहीच तुला ठाऊक नाही. ते सांगायला आज बसले आहे. सुट्टी आहे, खोलीत कोणी नाही, आणि खाली रस्त्यावर उन्हामुळे माणूस दिसत नाही.

इथे येण्याची कल्पना तुझ्या जावयाचीच. यवतमाळला वॉर्डात तीस-तीस पेशंट एकटीनं पाहून घरी आले की माझ्या पायांना सूज असायची. शेतपंपांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानातून हे यायचे, हाताला वार्निशचा वास, आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "एवढंच मरायचं असन तर जिथं कदर हाये तिथं जाऊन मर." पुढे माझ्याबरोबरची एक मैत्रीण ओमानला लागली आणि त्यांनीच तिच्याकडून सगळी माहिती काढली. दोन वर्षं मी राहायचं, मग त्यांनी यायचं, तिकडेच दुकान टाकायचं, असं ठरलं. नागपूरच्या विमानतळावर सोडायला आले तेव्हा रडायच्या ऐवजी मला प्लगबद्दल सांगत होते. तिकडे तीन चौकोनी पिनांचा प्लग असतो, आपला चार्जर थेट खुपसू नको. शेवटी दारावरच्या शिपायाने मला आत जायला सांगितलं आणि ते म्हणाले, "जाय. पोचली का फोन कर." मी वळून पाहिलं तर ते काचेला हात लावून उभे होते.

पहिलं वर्ष कसं गेलं ते मला नीट सांगता येत नाही. इथे ऋतू कळत नाहीत. डोंगर आहेत, पण त्यांच्यावर गवताचं पातंही नाही, जळलेल्या ढेपेसारखे दिसतात. आम्ही तिघी नर्स एका खोलीत, बाकीच्या दोघी केरळच्या. रात्रपाळी झाली की दिवसा झोपायला खिडकीला चंदेरी कागद चिकटवायचा. अरबी शब्द शिकले: दुखतं का, कुठे, श्वास घ्या, हळू. मल्याळी तर त्याहून जास्त शिकले, कारण खोलीत तेच कानावर पडायचं. मराठी फक्त फोनवर. आणि फोनवर बोलायचं तरी काय? मी विचारायची, जेवले का? ते म्हणायचे, जेवलो. ते विचारायचे, ड्यूटी झाली? मी म्हणायची, झाली. सुरुवातीला आम्ही हे सगळं भराभर उरकून मग खरं बोलायचो. हळूहळू एवढंच उरलं, आणि ते कधीपासून हे मला सांगता येणार नाही.

तेव्हा मला तुझी एक गोष्ट सारखी आठवायची. केळापूरच्या आश्रमशाळेचा भटारखाना. नर्सिंगला जाऊन मला आठवडाच झाला आहे आणि मी कोणाला न विचारता एसटीत बसून परत आले आहे. तू वांगी चिरते आहेस, चुलीवर पोरांच्या वरणाचं मोठं गंज रटरटतं आहे, धुरानं तुझे डोळे लाल. मी दारात उभी राहून म्हणते, मी नाही जात आता. तू मान वर करत नाहीस. "दोन घास खाय अन् दुपारच्या गाडीनं जाय. इथं कोणी तुही वाट पाहून नाही राह्यलं." मी जेवले नाही, रागानं तशीच स्टँडवर गेले. तू मागून आलीस, कपाळावर पदर, हात अजून ओले. तालुक्याच्या बाजारातून आणलेलं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलंस. नाडी मोजायला सेकंदाचा काटा लागतो असं मी आधी सांगितलं होतं. दुकानदारानं बायकांची सोनेरी घड्याळं दाखवली असतील, पण तू पुरुषांचं आणलंस, जाड काट्याचं, लांबून दिसणारं. होस्टेलवर पोरी हसल्या. घड्याळ तू आधीच घेऊन ठेवलं होतंस, म्हणजे मी पळून येणार हे तुला ठाऊक होतं, हे माझ्या डोक्यात यायला कितीतरी वर्षं लागली. त्या वाट न पाहण्यात काय होतं ते मला कळलं. पण मला इथून कोणी तसं ढकललं नाही आणि कोणी ओढलंही नाही, माय. मी नुसती राहत गेले.

तिसऱ्या हिवाळ्यात हे आले. मी महिनाभरासाठी एक खोली भाड्यानं घेतली, पडदे लावले, ज्वारीचं पीठ शोधून आणलं. विमानतळावर त्यांना पाहिलं आणि मी धावतच पुढे गेले. नवा शर्ट, त्याच्या घड्या तशाच. पहिले चार दिवस समुद्र, बाजार, मोठी मशीद, सगळं पाहिलं. मग माझी ड्यूटी सुरू झाली आणि ते दिवसभर त्या खोलीत. मी यायची तेव्हा ते गॅलरीत उभे असायचे, खाली जाणाऱ्या गाड्या पाहत. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही, दुकानात जाऊन दूध आणलं तरी मला फोन करून सांगायचे, दूध आणलं.

एकदाच ते खुलले. शेजारच्या नर्सचं मिक्सर जळलं होतं. त्यांनी ते उघडलं, मोटार काढली, जमिनीवर कागद अंथरून मांडी घालून बसले आणि एकदम नेरच्या दुकानातले झाले. जळलेली तार उलगडताना गुणगुणतही होते. नवी तार हवी म्हणून आम्ही दोघं बाजारभर हिंडलो. दुकानदार मिक्सर बघायचा, हसायचा आणि हिंदीत म्हणायचा, भाई, नया ले लो. चौथ्या दुकानानंतर हे रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन थांबले.

"इथं कोणी काही दुरुस्तच नाही करत का वो?"

"नवीन स्वस्त पडते," मी म्हटलं.

"मग मी इथं येऊन करू काय?"

मी म्हटलं, दुसरं काही काम पाहू, एसीचं पाहू, सुरुवातीला कोणाच्या हाताखाली करा. ते ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "तिकडं ओलिताचे दिवस हायेत. लोकाईच्या मोटारी जळून येऊन पडल्या असतीन." महिना व्हायच्या आधीच ते परत गेले. ज्वारीचं पीठ उरलं. मी ते एकटीनं संपवलं.

पुढच्या दिवाळीत मी घरी गेले. सासूबाईंनी दारात ओवाळलं आणि शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "आमच्या घरी पाव्हणी आली." त्या मायेनंच म्हणाल्या. स्वयंपाकघरात मी हात घालायला गेले तर हे म्हणाले, "तू बस, तुले डबे नाही सापडायचे." खरंच सापडले नसते. तिखटाचा डबा खिडकीत गेला होता, मीठ बरणीत आलं होतं. ते स्वतः कणीक मळत होते, माय. लग्नानंतर तू त्यांना एकदा म्हणाली होतीस, जावईबापू, चहा तरी शिका, आणि ते लाजले होते. आता ते सराईतपणे पोळ्या लाटत होते आणि मी पाटावर बसून बघत होते. पलंगावर माझ्या बाजूला तांब्याच्या तारेची रिळं ठेवलेली. त्यांनी ती उचलली आणि कुठे ठेवावी हे न कळून हातात धरून उभे राहिले. सकाळी चहा टाकताना विचारलं, "साखर किती टाकू तुले?" त्यांच्या डोळ्यांत काहीच नव्हतं, नुसता प्रश्न. मी म्हटलं, एक चमचा. आणि ते विसरले म्हणून मी तरी का रागवावं, त्यांच्या पाठीवरचा ऑपरेशनचा व्रण कोणत्या बाजूला होता हे मलाही आदल्या रात्री पाहीपर्यंत आठवत नव्हतं.

त्या सुट्टीत आमचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला वाटलं. आम्ही एकमेकांशी फार नीट वागलो. निघताना त्यांनी माझ्या बॅगेची तुटलेली चेन बसवून दिली.

आणि आता गेल्या महिन्यात. माझा करार संपत आला होता. रात्रपाळी करून मी सकाळी खोलीवर आले, फोन लावला. ते दुकानात होते, मागे हातोडीचा आवाज.

मी म्हटलं, "सही करू का नको करू? तुमी ये म्हणान तर मी येतो."

हातोडी थांबली. मग म्हणाले, "तिकडं तुह्यं बस्तान बसलं. माह्यं इथं बसलं. आता पुन्हा सारं उचकटाचं कायले?"

"म्हणजे येऊ नको म्हणता?"

"येऊ नको नाही म्हणत मी. तुह्यंच घर हाये, कवाही ये." हातोडी पुन्हा एकदा वाजली. "पण नाही आली तरी चालन आता."

त्यांचा आवाज चांगला होता, माय. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. आजारी माणसाला आपण सांगतो ना, आता औषध नाही घेतलं तरी चालेल, तसा. मी म्हटलं, बरं. ते म्हणाले, गिऱ्हाईक आलं, ठेवतो. मी संध्याकाळी नव्या करारावर सही केली. काडीमोड नाही, कोणाला काही सांगायचं नाही. अजूनही आठवड्याला फोन येतो. सासूबाईंचे गुडघे, गॅसची टाकी, नेरला या वर्षी कापसाचं काय झालं. मी त्यांची बायको आहे. ते माझा नवरा आहेत. यातलं काही बदलणार नाही, आणि काही सुधारणारही नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार? तू असतीस तरी पाठवलं नसतं. तुला अक्षर येत नव्हतं. लग्नपत्रिका असो, औषधाची चिठ्ठी असो, तू पदरात बांधून ठेवायचीस आणि हे आले की त्यांच्यापुढे धरायचीस. ते ओसरीवर बसून तुला सगळं वाचून दाखवायचे, खालची छापखान्याची ओळसुद्धा. हे पत्रही तू त्यांच्याच हातात दिलं असतंस.

तर एवढंच सांगते. त्या सकाळी फोन ठेवल्यावर आता रडू येईल म्हणून मी थोडा वेळ पलंगाच्या काठावर बसले. नाही आलं. हात धुतले, आडवी झाले आणि मला झोप लागली, गाढ, लहानपणी तुझ्या भटारखान्यात पोत्यांवर लागायची तशी. कितीतरी महिन्यांत मी अशी झोपले नव्हते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.